कॉलेज कॅम्पसवर आपल्या विश्वासाविषयी कसं बोलावं: ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिला असा, की शेवटचं वर्ष उजाडलं तरी शेजारच्या बाकावरच्या मित्राला पत्ता नसतो की हा दर रविवारी उपासनेला जातो. दुसऱ्याची गंमत उलटी. तो कँटीनमध्ये शिरला की टेबलावरची दोघं-तिघं घड्याळाकडे बघत उठतात, कारण विषय कुठे वळणार हे सगळ्यांना पाठ झालेलं असतं. पहिल्याला भीड आहे, दुसऱ्याला घाई. हा लेख दोघांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅम्पसवर साक्ष देणं म्हणजे मुख्यतः आपली ओळख उघड ठेवणं, समोरच्याचं ऐकून घेणं आणि त्याची इच्छा असेल तर त्याच्यासोबत एखादं शुभवर्तमान वाचणं. यात वक्तृत्वाचा वाटा फार थोडा आहे. पुढच्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

आधी नियम वाचा

हे कंटाळवाणं काम आहे, पण पहिलं आहे. कॉलेजची नियमपुस्तिका काढा आणि विद्यार्थी मंडळं, खोली किंवा सभागृह वापरण्याची परवानगी, सूचनाफलक, पत्रकं वाटणं, वसतिगृहात बाहेरच्यांनी येणं, धार्मिक कार्यक्रम, या मुद्द्यांवर काय लिहिलंय ते शोधा. नियम मोघम असेल तर संबंधित कार्यालयात जाऊन लेखी विचारा. तोंडी होकार अडचणीच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

त्यानंतर देशाचा आणि प्रांताचा कायदा. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम धर्म पाळण्याचं, शिकवण्याचं आणि बदलण्याचंही स्वातंत्र्य मान्य करतं. प्रत्यक्षात देशोदेशीचे कायदे सारखे नाहीत. काही ठिकाणी धर्मांतराविषयी कडक कायदे आहेत, काही ठिकाणी जाहीर प्रचाराला मनाई आहे. आपल्या जागी काय लागू आहे हे एखाद्या वकिलाला किंवा जाणत्या पाळकांना विचारून घ्या. परदेशात शिकायला गेला असाल तर आणखी एक भान ठेवा. गडबड झाली तर तुम्ही विमान पकडून घरी याल; तुमच्याशी बोललेला स्थानिक मित्र तिथेच राहणार आहे. त्याच्या वाट्याचा धोका पत्करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

कायद्यात असो वा नसो, दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. एक, आमिष. नोट्स, फीसाठी मदत, नोकरीची ओळख, सहलीचं तिकीट, काहीही विश्वासाच्या बदल्यात पुढे करू नका. ‘बदल्यात’ असं नुसतं वाटेल इतपतही नको. मदत करायची तर सगळ्यांना करा, आणि ज्यानं तुमच्या देवाविषयी एक शब्दही ऐकायला नकार दिला त्याला आधी करा. दोन, अधिकाराचा वापर. तुम्ही प्रयोगशाळेत ज्युनिअर्सना शिकवत असाल, त्यांचे पेपर तपासत असाल, वसतिगृहात मॉनिटर असाल, तर त्या मुलांशी हा विषय स्वतःहून काढू नका. त्यांना मोकळेपणानं ‘नको’ म्हणता येत नाही, आणि जिथे ‘नको’ म्हणता येत नाही तिथल्या ‘हो’ला किंमत नसते.

पहिल्या पंधरवड्यातच कळू द्या

‘रविवारी सकाळी फोन का उचलला नाहीस?’ असं कुणी विचारलं तर ‘जरा काम होतं’ म्हणू नका. ‘चर्चमध्ये होतो’ म्हणा आणि पुढच्या विषयाकडे वळा. बस्स, एवढंच. पहिल्या पंधरवड्यात हे वाक्य नुसती माहिती असते, जसं कोण कुठल्या गावचं किंवा कुणाला क्रिकेटचं वेड आहे तसं. तेच वाक्य दोन वर्षांनी बोलायची वेळ आली तर ते जाहीर निवेदन होऊन बसतं आणि मित्र विचारतो, ‘इतके दिवस लपवलंस का?’ त्याला उत्तर नसतं.

ओळख उघड झाली की तुमच्या वागण्याकडे बारकाईनं पाहिलं जाणार. पाहू द्या. मित्राची खोटी हजेरी लावणं, प्रयोगवहीतले आकडे मागच्या बॅचच्या वहीतून उतरवणं, गटाच्या प्रोजेक्टमध्ये नाव आपलं आणि मेहनत दुसऱ्याची, या बारीकसारीक गोष्टींवर तुमच्या शब्दांचं वजन ठरतं. आणि हो, अभ्यास करा. दानीएल आणि त्याचे तीन सोबती बाबेलच्या राजवाड्यात तीन वर्षांच्या शिक्षणासाठी ठेवले होते. खास्दी लोकांची विद्या आणि भाषा हा त्यांचा अभ्यासक्रम होता, आणि तो त्यांनी पूर्ण केला. पहिल्याच अध्यायात ते लिहिलेलं आहे. प्रार्थनासभेचं निमित्त करून सबमिशन बुडवणाऱ्या मुलाचं कौतुक मला कधी वाटलं नाही.

एकट्यानं करू नका

येशूनं शिष्यांना दोघादोघांना पाठवलं (मार्क ६:७). कॅम्पसवरही निदान एक जोडीदार हवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटा, प्रार्थना करा, आणि आठवड्यात काय घडलं ते एकमेकांना खरंखरं सांगा. विद्यार्थ्यांच्या अशा लहानशा बैठकांतून पुढे फार मोठ्या गोष्टी निघाल्या आहेत. १८०६ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत बसले. त्या देशातल्या परदेशी मिशन चळवळीचा उगम तिथे सांगितला जातो. केंब्रिजमधली विद्यार्थ्यांची ख्रिस्ती संघटना १८७७ पासूनची. ऑक्सफर्डमध्ये वेस्ली बंधूंच्या नेमानं वागणाऱ्या गटाला बाकीच्या पोरांनी चिडवायला ठेवलेलं ‘मेथडिस्ट’ हे नाव तर पुढे एका अख्ख्या संप्रदायाचं नाव झालं. तेव्हा कुणी नावं ठेवली तर फार मनाला लावून घेऊ नका.

प्रार्थनेसाठी दोन-तीन मित्रांची नावं ठरवा. पण इथे एक खड्डा आहे. मित्रानं रात्री दोन वाजता विश्वासानं सांगितलेली घरची भांडणं दुसऱ्या दिवशी संगतीच्या, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्रार्थना विनंती’ म्हणून जातात. ही चुगलीच आहे, फक्त शेवटी ‘आमेन’ लावलेली. ग्रुपवर नाव टाकू नका, ओळख पटेल असा तपशील टाकू नका. देवाला नाव माहीत आहे.

आधी ऐका

शोमरोनी स्त्रीशी येशूचं संभाषण सुरू होतं ते ‘मला प्यायला पाणी दे’ या मागणीनं (योहान ४). तो तिचं ऐकतो, तिच्या उलट प्रश्नांना उत्तरं देतो, ती वाद घालते तेही चालवून घेतो. आपण मात्र समोरचा श्वास घ्यायला थांबला की आपलं वाक्य आत सारतो.

विचारण्याजोगे काही प्रश्न: ‘लहानपणी घरी देवाधर्माचं वातावरण होतं का?’ ‘त्यातलं तुला काय आवडायचं, काय पटायचं नाही?’ ‘ख्रिस्ती लोकांची कोणती गोष्ट तुला खटकते?’ हा शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो. उत्तर आलं की बचाव करायचा नाही. ‘आणखी सांग’ एवढंच म्हणायचं.

कारण ऐकल्याशिवाय कळत नाही की समोर कोण आहे. कुणी वेगळ्या धर्मात मनापासून रमलेलं असतं. कुणाला हा विषयच बिनकामाचा वाटतो. कुणी ख्रिस्ती घरातच वाढलेलं असतं आणि चर्चमधल्याच एखाद्या माणसानं केलेला घाव घेऊन बाहेर पडलेलं असतं. या शेवटच्या मित्राला वचनं ऐकवायला जाल तर त्याला त्या माणसाचाच आवाज ऐकू येईल. त्याचं दुःख खरं माना, चूक होती तिला चूक म्हणा. त्यात गुन्हा घडलेला असेल तर तक्रार करायला त्याच्या सोबत जा.

दुसऱ्या धर्माच्या मित्राला त्याचा धर्म काय आहे हे तुम्ही समजावू नका. त्याच्याकडून समजून घ्या. आणि त्याच्या श्रद्धास्थानांची टर उडवू नका, त्याच्या पाठीमागेही नाही. पौल अथेनैमध्ये फिरला तेव्हा मूर्तींनी भरलेलं ते शहर पाहून त्याच्या जिवाची तगमग झाली, असं प्रेषितांच्या कृत्यांत स्पष्ट लिहिलंय (१७:१६). तरी अरियपगावर तो बोलला ते सभ्यपणे, आणि त्यांच्याच कवींच्या ओळी घेऊन. याहून बोलका प्रसंग इफिसचा. तिथे पौलानं तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज चर्चा चालवली. पुढे शहरात दंगल उसळली तेव्हा जमावाला शांत करणारा नगराचा चिटणीस म्हणाला, की या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही (१९:३७). दोन वर्षं उघडपणे ख्रिस्ताविषयी बोलूनही, दुसऱ्या धर्माचा अधिकारी हे भर सभेत सांगू शकला. तुमच्या वर्गातला दुसऱ्या धर्माचा मित्र तुमच्याबद्दल असं सांगेल का, हे अधूनमधून तपासून पाहावं.

आपली गोष्ट, तीन मिनिटांत

कधीतरी मित्रच विचारतो, ‘तू का मानतोस रे हे सगळं?’ त्या क्षणी बहुतेकांची बोबडी वळते, नाहीतर मग जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात होते. म्हणून आधी तयारी करून ठेवा. पेत्रानं हेच सांगितलंय: तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण ते नम्रतेनं आणि आदरानं द्या (१ पेत्र ३:१५).

अग्रिप्पा राजासमोर पौल आपली गोष्ट सांगतो (प्रेषितांची कृत्ये २६) तिचा साचा सोपा आहे: आधी मी कसा होतो, मग काय घडलं, त्यानंतर काय बदललं. कागदावर लिहून काढा, मोठ्यानं वाचा, वेळ लावा. मग ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या जवळच्या मित्राला ऐकवा आणि जिथे कळलं नाही तिथे थांबवायला सांगा. पहिल्या मसुद्यात साधारण असं काहीतरी असतं: ‘मी पापाच्या बंधनात होतो, मग प्रभूनं मला स्पर्श केला आणि माझं तारण झालं.’ संगतीत हे सगळ्यांना कळतं. बाहेरच्या मुलाला काहीच हाती लागत नाही. तेच असं सांगता येईल: ‘बारावीला मी घरात सगळ्यांशी खोटं बोलत होतो. पकडला जाईन ही भीती होतीच, पण त्याहून जास्त स्वतःची शिसारी यायची. शुभवर्तमानात वाचलं की येशू अशाच लोकांच्या घरी जेवायला जायचा. मी त्याला म्हटलं, माझ्याकडेही ये. दुसऱ्या दिवशी वडिलांना सगळं सांगितलं. ते चिडले. पण त्या रात्री मला झोप लागली.’ यात एकही जड शब्द नाही, आणि वडील चिडले हेही गाळलेलं नाही.

तुमची गोष्ट नाट्यमय नसेल तर ती तशी बनवू नका. ख्रिस्ती घरात वाढून हळूहळू विश्वास आपलासा झाला असेल तर तेच सांगा. ‘ख्रिस्ताकडे आलो आणि सगळे प्रश्न सुटले’ हे तर बोलूच नका. मित्र रोज तुमच्यासोबत राहतो, त्याला दिसतं.

तीन मिनिटं झाली की थांबा. अग्रिप्पा ‘इतक्या थोडक्यात तू मला ख्रिस्ती करायला पाहतोस!’ अशा अर्थाचं काहीतरी बोलला. पौलानं एक मोकळं, प्रेमळ उत्तर दिलं आणि विषय तिथेच राहिला. मित्रानं पुढे विचारलं तर मुख्य गोष्ट सांगायला तयार असा: येशू कोण होता, वधस्तंभावर का गेला, तिसऱ्या दिवशी उठला याचा अर्थ काय, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल हे चार-पाच ओळींत सांगतो. पुढे तोच म्हणतो, की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे. हे वाक्य मित्राला जरूर दाखवा. ख्रिस्ती माणूस आपला सगळा डाव कशावर लावून बसलाय हे त्यातून प्रामाणिकपणे कळतं.

सोबत एक शुभवर्तमान वाचा

माझा सगळ्यात जास्त भरवसा या पायरीवर आहे. आपल्या तोंडून येशूविषयी ऐकणं वेगळं आणि मित्रानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचणं वेगळं. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशानं नवा करार दिला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले, आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाद घालण्यात टिळकांना कोण हरवणार होतं! काम केलं ते वाचनानं.

मित्राला साधं विचारा: ‘येशूविषयी लोक बरंच बोलतात, मूळ मजकूर कधी वाचलायस का? पाच-सहा वेळा बसून वाचू या. पटलं नाही तर सोडून दे.’ किती बैठका हे आधीच सांगा, म्हणजे त्याला आपण कशात अडकतोय असं वाटणार नाही. मार्कपासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत, वेगवान आहे, बैठक मारली तर दीड तासात वाचून होतं.

बसायची जागा उघडी आणि त्याच्या सोयीची असू द्या: लॉन, ग्रंथालयाबाहेरचा कट्टा, कँटीनचा कोपरा. उतारा कागदावर छापून न्या, वचनांचे क्रमांक काढून टाका, दोघांच्या हातात सारखा कागद आणि पेन्सिल. जिथे प्रश्न पडेल तिथे प्रश्नचिन्ह, जे आवडेल त्याखाली रेघ. एकानं मोठ्यानं वाचायचं, मग दोघांनी दोन मिनिटं गप्प बसून पुन्हा नजर फिरवायची. एकूण वेळ पाऊण तास, त्याहून जास्त नाही.

मार्क २:१ ते १२ घेऊन पाहू. पक्षघाती माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला वरून खाली सोडतात. ‘तुला यात काय विचित्र वाटलं?’ एवढाच प्रश्न विचारा आणि थांबा. एखादी मुलगी छपरावरच अडकेल: घरमालक काही बोलला कसा नाही? बोलू द्या, तीही मजकूर नीट वाचत असल्याची खूण आहे. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘तो चालता यावं म्हणून आला होता. येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली. माफी मागितली कुणी होती?’ या प्रश्नावर उडी मारून उत्तर देऊ नका. तिथे बसलेल्या शास्त्र्यांनाही हेच खुपलं होतं, की देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो. मित्र आपोआप कथेच्या नेमक्या गाठीपाशी पोचलेला आहे. त्याला विचारा, ‘मग येशू स्वतःला कोण समजत असेल?’ तो म्हणेल, ‘एकतर वेडा, नाहीतर फार मोठा कुणीतरी.’ कदाचित म्हणेल, ‘ही गोष्ट नंतर कुणीतरी रचली असेल.’ ठीक आहे, तेही टेबलावर राहू द्या. शेवटी ‘याचा तुझ्या-माझ्याशी काही संबंध लागतो का?’ असं विचारून उठा. तुम्ही स्वतः काय शिकलात तेही सांगा. फक्त परीक्षकाच्या खुर्चीत बसू नका.

पुढच्या बैठकांसाठी मार्क ४ मधलं वादळ, मार्क ५ मधली याईराची मुलगी आणि रक्तस्रावानं पिडलेली स्त्री, लूक १५ मधला उधळ्या पुत्र, आणि मग मार्क १५ व १६. सोळाव्या अध्यायाशी जरा सावध. सगळ्यात जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांपैकी दोनांत, म्हणजे सिनाई आणि व्हॅटिकन कोडेक्समध्ये, तो आठव्या वचनापाशी संपतो. नऊ ते वीस ही वचनं त्यांत नाहीत. अनेक आवृत्त्यांत तशी तळटीप असते. मित्राला ती दिसण्याआधी तुम्ही दाखवा. लपवलेली तळटीप तुमची पत घालवते.

अवघड प्रश्न

‘माहीत नाही, वाचून सांगतो’ हे उत्तर चांगलं आहे, अट एकच: आठवड्याभरात खरोखर वाचून परत यायचं.

‘येशू झालाच नाही’ म्हणणाऱ्याला सांगता येईल, की ख्रिस्ती नसलेला, उलट ख्रिस्ती लोकांचा तिटकारा करणारा रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला मृत्युदंड झाल्याचं लिहून गेलाय. त्यानं येशू देवाचा पुत्र असल्याचं सिद्ध होत नाही. तसा दावाही करू नका. विज्ञानाचा प्रश्न आला तर आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता आणि १९२७ मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना मांडणारा लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता, हे सांगा. झगडा वाटतो तितका सरळ नाही, एवढंच त्यातून दिसतं. आपल्याला न कळणाऱ्या विज्ञानावर मात्र भाषण ठोकू नका. समोरचा त्याच विषयात पदवी घेतोय.

धर्मयुद्धं, गुलामगिरी, वसाहतींचा काळ, यांविषयी विचारलं तर ‘ते खरे ख्रिस्ती नव्हते’ ही पळवाट घेऊ नका. बरेचसे आपल्यासारखेच नेमानं उपासनेला जाणारे होते. ते चूक होतं असं सरळ म्हणा.

आणि दुःखाचा प्रश्न. ‘देव चांगला असेल तर हे का?’ यामागे बहुतेक वेळा एखादा चेहरा असतो. हळूच विचारा, ‘कुणाविषयी विचारतोयस?’ त्यानंतर तत्त्वज्ञान बंद. लाजराच्या कबरीपाशी येशू रडला. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि ते पवित्र शास्त्रात आहे. मित्राच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची छटा आली तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे घेऊन जा. प्रार्थना वाटेत चालताना करता येते.

कार्यक्रम, पत्रकं, मोबाईल

जाहीर कार्यक्रम करायचा तर जाहिरातीवर स्पष्ट लिहा: कोण भरवतंय, विषय काय, वक्ता कोण. ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ म्हणून बोलावून शेवटच्या तासाला प्रार्थनेचं आवाहन करणं ही फसवणूक आहे, आणि ज्या सत्याविषयी बोलायचं त्याची सुरुवातच खोट्यानं होते. नावानिशी बोलावलं तर कमी लोक येतील. येऊ देत.

भाषणापेक्षा प्रश्नोत्तरं बरी. अर्धा तास वक्ता, तासभर प्रश्न. चिठ्ठ्यांची पेटी ठेवा, म्हणजे भिडस्त मुलंही विचारतील. चिठ्ठ्या निवडायचं काम ख्रिस्ती नसलेल्या वर्गमित्राकडे दिलं तर अवघड प्रश्न गाळले जाण्याची शंका कुणाला उरत नाही. पत्रकांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेक पायऱ्यांवर पडलेली दिसतात. परवानगी असेल आणि वाटायचीच असतील तर हात पुढे करणाऱ्यालाच द्या, आणि नंतर आवार झाडून घ्या.

मोबाईलवर: न विचारता कुणाला ग्रुपमध्ये घेऊ नका, खासगी गप्पांचे स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका, रोज सकाळी वचनाचं चित्र टाकू नका. कार्यक्रमाला आलेल्यांचे फोटो तर त्यांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत. एखाद्याच्या घरी तो फोटो पोचला तर त्याच्यावर काय गुदरेल याचा अंदाज तुम्हाला नसतो. परीक्षेच्या काळात सगळं थांबवा.

मित्र ‘नको’ म्हणाला तर

‘नको’ हे पूर्ण उत्तर आहे. कारण विचारू नका, आठवड्यानं पुन्हा टोकू नका; विषय परत काढायचा तर तो काढेल. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्यामागे धावला नाही, अटी सौम्य करून त्याला परत बोलावलं नाही. तरी त्याच्यावर त्यानं प्रेम केलं, असं मार्क मुद्दाम नोंदवतो (१०:२१). खरी कसोटी दुसऱ्या दिवशीची असते: जेवायला हाक मारता का? त्याच्या प्रोजेक्टला आधीसारखेच थांबता का? नकारानंतर मैत्री आटली तर मैत्री कशासाठी होती हे त्याला बरोबर कळतं. अथेनैमध्येही काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. तिन्ही गट तुमच्याही वाट्याला येतील.

आणि ‘हो’ म्हणाला तर

इथेच सगळ्यात जास्त घाई होते. मित्र म्हणतो, ‘मला येशूच्या मागे जायचंय’, आणि संगतीतला उत्साही गट त्याला पुढच्याच कार्यक्रमात साक्ष द्यायला उभं करतो. करू नका. त्याला वेळ द्या, सगळं शुभवर्तमान वाचू द्या, प्रश्न विचारू द्या, मागे फिरायची मुभाही असू द्या. बाप्तिस्मा हा वसतिगृहाच्या खोलीत उरकायचा प्रकार नाही. तो मंडळीचा आणि पाळकांचा विषय आहे, आणि वय, कायदा, कागदपत्रं यांची चौकशी त्याआधीच व्हायला हवी. त्याचं नाव, पोशाख, भाषा बदलायला सांगू नका; शुभवर्तमान ते मागत नाही.

घरच्यांना कधी, कसं आणि किती सांगायचं हे तोच ठरवेल. तुम्ही त्याच्यासोबत बसून नीट विचार करा: फी कोण भरतं, राहायचं कुठे, आई कशी घेईल, धाकट्या बहिणीवर काय परिणाम होईल. टिळकांच्या निर्णयानंतर त्यांची आणि पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षं ताटातूट झाली होती. ही किंमत खरी असते आणि ती आपण मोजत नसतो. आईवडिलांविरुद्ध त्याला भडकवू नका. त्यांचा मान राखायला शिकवणं हाही शिष्यत्वाचाच भाग आहे.

त्याला मार्गदर्शन करायला कुणीतरी वयानं मोठं, मंडळीतलं माणूस शोधा. मुलीसाठी बाई, मुलासाठी पुरुष. तुम्ही मित्रच राहा, गुरू होऊ नका. आणि मोठी सुट्टी लागण्याच्या निदान पंधरा दिवस आधी एक काम करा. तो जिथे जाणार आहे तिथे त्याला सुरक्षितपणे जाता येईल अशी मंडळी आहे का, तिथल्या कुणाशी त्याची आधीच फोनवर ओळख करून देता येईल का, आणि घरी उघडपणे वाचणं शक्य नसेल तर तो काय करणार आहे, हे त्याच्याशी बोलून ठरवा. तुमचं शेवटचं वर्ष असेल तर हीच विचारपूस पुढच्या सत्रात कोण करणार, त्याचं नाव आत्ताच पक्कं करा आणि दोघांची गाठ घालून द्या.